बोटभर

गाडी आली तेव्हा मी एका टेम्पोच्या दारात
कोपरापर्यंत गेलेलो.
मागून आवाज आला, घुमणारा, जाडा, पेट्रोलचा.
वळून बघितलं तर धुराची नळीच नाही.
आवाज कर्ण्यातून येत होता.

पुण्याच्या देवस्थळी बाई उतरल्या.
"हिची रेखाटनं माझी," म्हणाल्या.
सागरेश्वरच्या वाळूत फोटो काढायचे होते
आणि मठच्या गतिरोधकाने पोटाखालचं प्लास्टिक
केळीच्या सोपटासारखं सोलून ठेवलेलं.

खाली शिरलो.
इंजिन नाही, एक सपाट पेटी, गप्प.
तोंडाला क्रोमची जाळी, मागे बोट घातलं तर भिंत.
इंधनाचं झाकण फिरवलं की फिरतं,
त्याच्या खाली टाकी नाही.
मला हसू आलं नाही.
आमच्या बंदरात येसू कुबलची होडी
वीस वर्षं मशिनावर चालते,
शीड माळ्यावर उंदरांनी संपवलं,
पण डोलकाठी काढ म्हटलं तर तो भांडायला उठतो.

बाहेर येताना आधाराला हात टेकला
डाव्या मडगार्डवर,
आणि तळव्याला कळलं.
डोळ्यांना कळलं नव्हतं.

चौऱ्याहत्तर साली, आरवलीच्या वळणावर,
वालावलकर शेठची दोन माणसांची बिनछपराची गाडी
चिऱ्याच्या गडग्यावर गेली.
सुटे भाग मुंबईत नव्हते, विलायतेतही संपलेले.
माझे वडील, झिलू मेस्त्री,
नऊ दिवस वाळूच्या पिशवीवर
आंब्याच्या लाकडाची मोगरी घेऊन
पत्र्याला त्याचं मूळ आठवायला लावत होते.
नवव्या रात्री कंदील तिरपा धरला
आणि म्हणाले, "बोटभर वर इला रे."

शेठना दिसलं नाही. कुणालाच नाही.
बाबांनी मजुरीत दोन रुपये कमी घेतले
आणि पुढे कधीही ती गाडी रस्त्याने आली
की ते पान लावायला घरात जायचे.

"नमुना कुठला धरलात?" मी विचारलं.
"इथलाच. काजूच्या कारखान्यात, ताडपत्रीखाली.
तेवढी एकच उरली होती. तीन दिवस लेझरने मोजली.
उजवी बाजू गंजून गेलेली,
म्हणून डावीच आरशातून उलटी घेतली."
मग त्यांनी मडगार्डवरून हात फिरवला,
गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा.
"ही रेघ बघा. जुन्या फोटोंत ही सापडतच नाही,
प्रत्यक्षातच दिसते.
आम्ही हिला वारसा म्हणतो."

मी उजवीकडे गेलो.
तिथेही होती.
जो मडगार्ड जन्मात कशावर आपटला नाही
त्यालाही माझ्या बापाचं बोट.

"सगळ्या गाड्यांना असंच?"
"केसाचाही फरक नाही. चार हजार काढतोय."
चार हजार दुणे आठ हजार.
आणि तो एक कंदील.

सांगावं, असं ओठांपर्यंत आलं.
तेवढ्यात टेम्पोवाल्याने पाना मागितला,
तो दिला, आणि ते राहून गेलं.
प्लास्टिक सहा रिव्हेटांनी शिवलं, कडा तासल्या.
बाईंनी फोन काढला. "किती झाले?"
"चारशे होतात.
दोन कमी टाका."
का, ते त्यांनी विचारलं नाही.
खिडकीतला डबा ओरडला,
तीनशे अठ्ठ्याण्णव रुपये प्राप्त झाले,
सगळ्या आळीला ऐकू जाईल असा.

गाडी बंदराच्या रस्त्याला लागली
नसलेल्या इंजिनाचा आवाज करत.
पाठमोरी दोन्ही खांद्यांवर
बोटभर उचललेली.

मी घरात गेलो आणि पान लावलं.
मी पान खात नाही.